एका खुर्चीची रीतसर परवानगी

मोठा कचरा दुसऱ्या बुधवारी. कपाटं, गाद्या, सायकली. सकाळी आठच्या आत.

नगरपरिषदेच्या एप्रिलच्या सभेत स्टेशनसमोरच्या कबुतरांवर चर्चा झाली. उरलेली चर्चा मे महिन्यात.

टेनिसचे चार चेंडू, प्रत्येकाला सुरीने एक चीर.

नुई आजीच्या डाव्या खुब्यात धातूचा सांधा आहे. पाऊस येणार हे तो हवामान खात्याच्या एक दिवस आधी सांगतो.

गोड सारण भरलेले सहा पाव रस्ते विभागाने साभार परत पाठवले. सोबत पत्र. पत्रावर तीन शिक्के.

माझी बायको मित्सुए म्हणते, "तुम्ही वाईट असं काहीच केलं नाहीत. तीच तर अडचण आहे."

या सगळ्याचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही असं गेल्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत मलाही वाटत होतं.

एकतीस वर्षं मी गोंदाच्या कारखान्यात माल तपासत होतो. गोंद चिकटतो की नाही, एवढंच बघायचं. अशा कामाने माणसाचं डोकं फिरत नाही, पण एक खोड लागते. कुठेही काही सुटं दिसलं की चैन पडत नाही. निवृत्त झाल्यावर मी घरातल्या सगळ्या सुट्या वस्तू चिकटवल्या. साबणदाणीसुद्धा. मग एप्रिल उजाडला आणि आळीप्रमुखपद आमच्या घराकडे आलं.

आमच्या आळीत एकोणीस घरं. प्रमुखपद दर वर्षी पुढच्या घराकडे सरकतं. त्यात निवडणूक नाही, लायकी नाही आणि सुटकाही नाही. काम सोपं. पालिकेची मासिक पत्रिका, सभेचा वृत्तांत आणि निरनिराळ्या विभागांच्या सूचना चिमट्याच्या पाटीला लावायच्या आणि पहिल्या घरी द्यायच्या. त्या घराने वाचून आपला शिक्का मारायचा आणि पाटी शेजारच्या दारात ठेवायची. वाचलं नाही तरी शिक्का मारायचा. पाटी एकोणीस घरं फिरून परत आली की महिना संपला.

माझ्या आधीचे प्रमुख पाटी नुसती पुढे ढकलत. मी ती वाचली. इथून सगळं बिघडलं.

पान चारवर, कबुतरांच्या खाली, बारीक अक्षरात छापलं होतं: सार्वजनिक पदपथावर खासगी वस्तू ठेवलेली आढळल्यास पूर्वसूचनेशिवाय हलवण्यात येईल.

माझ्या डोळ्यांसमोर नुई आजीची खुर्ची आली.

कोयाची पुलाचा बसथांबा आमच्या आळीच्या तोंडाशी आहे. मागे नदीचा कठडा, पुढे रस्ता, मध्ये पदपथ आणि त्यावर थांब्याचा खांब. त्या खांबाला गादीच्या दोरीने बांधलेली एक पिवळी स्वयंपाकघरातली खुर्ची असे. आजीचं पूर्वी गाद्यांचं दुकान होतं, त्यामुळे दोरीला तोटा नव्हता. नवरा गेला, खुबा मोडला, तेव्हा तिने ती खुर्ची तिथे आणून ठेवली. त्याला अकरा वर्षं झाली. आवाज नको म्हणून पायांना टेनिसचे चेंडू घातलेले. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती त्या खुर्चीत बसून नऊ वाजून बारा मिनिटांच्या बसची वाट बघायची. बस पालिकेच्या समाजकेंद्रावर जाते. तिथे सगळ्यांच्या आंघोळीसाठी गरम पाण्याचं मोठं टाकं आहे, आणि त्या टाक्यात गळ्यापर्यंत बसून आजीच्या दोन मैत्रिणी सगळ्या गावाचं माप काढत तिची वाट बघत असायच्या. बस कधी नऊ बाराला आली नाही. पण ड्रायव्हर ती अशी उभी करायचा की दार बरोबर खुर्चीसमोर उघडे.

मला रात्रभर झोप नाही. उद्या कोणी ती खुर्ची उचलून नेली तर? आणि तीही मी प्रमुख असताना?

सकाळी मी समोरच्या कागोहाराच्या दुकानात गेलो. कागोहारा न्हावी. सल्ला त्याच्याकडे दाढीबरोबर फुकट मिळतो, आणि दाढी नको असली तरी मिळतो.

"परवानगी काढतो म्हणता? त्या खुर्चीची?" त्याने वस्तरा हवेतच थांबवला. "अहो प्रमुखसाहेब, तिला कागद नाही म्हणून तर ती टिकलीय. कागद लागला की माणसं मरतात. ती तर खुर्ची."

"उद्या कोणी तक्रार केली तर?"

"अकरा वर्षांत केली का?"

"म्हणजे आता होण्याची शक्यता वाढली," मी म्हणालो. गोंदाच्या तपासणीत असंच असतं.

घरी मित्सुएने एवढंच म्हटलं, "रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी." हे नेमकं पाटी द्यायला आलेल्या कागोहाराच्या कानावर पडलं. "वहिनी, मला मध्ये ओढू नका," तो म्हणाला. "माझ्याकडे दोन गिऱ्हाइकं बसलीत. रिकामे हे आहेत."

अपमान गिळून मी अर्ज भरायला बसलो.

वस्तूचे नाव: खुर्ची.
उद्देश: बसणे.
उद्देश सविस्तर लिहा: खाली बसणे.
वस्तू किती काळ ठेवणार: (इथे मी बराच वेळ थांबलो. आजी तेव्हा चौऱ्याऐंशीची होती. शेवटी लिहिलं, "शक्य तितका.")
वस्तू सध्या कोठे आहे: सदर ठिकाणीच.

त्या शेवटच्या रकान्याकडे मी आता पुन्हा पुन्हा बघतो. तेव्हा मात्र मी त्याखाली अधोरेघ मारली होती. शिवाय तीन बाजूंनी काढलेले फोटो जोडले, उंची कळावी म्हणून शेजारी मोजपट्टी धरून. मोजपट्टी धरलेला हात मित्सुएचा. तिने तोंड दिसू दिलं नाही.

रस्ते विभाग दुसऱ्या मजल्यावर. खिडकीमागे नुकागा नावाचे गृहस्थ होते. पन्नाशीचे, बाह्यांना काळे कापडी अभ्रे, चेहरा चांगल्या घरातल्या उशीसारखा. त्यांनी अर्ज दोन बोटांत धरून वाचला. फोटो पाहिले. मग पुन्हा अर्ज.

"आपण हे लिहून आणलंत."

"फोटोंसकट," मी म्हणालो.

"ओगुशीसान, मी हे अजून घेतलेलं नाही. नुसतं हातात धरलंय."

"मग घ्या ना."

"घेतलं की शिक्का मारावा लागतो. शिक्का मारला की विभागाला हे दिसलं असं होतं."

"दिसावं म्हणूनच तर आणलंय!"

नुकागांनी खिडकीबाहेर पाहिलं. चेरीची फुलं गळून गेली होती, बघण्यासारखं काहीच नव्हतं. "माझी चहाची वेळ झाली," ते म्हणाले. "मी दहा मिनिटांनी येतो. कागद इथे ठेवतो, तुमच्या बाजूला. खिडकी उघडीच आहे. आज वारा बराच आहे."

किती जबाबदार माणूस, मला वाटलं. वाऱ्याचीसुद्धा सूचना देऊन गेला! मी चिकटपट्टीचं जड यंत्र उचलून अर्जावर ठेवलं. तरी एक कोपरा फडफडत होता, त्यावर माझा थर्मास ठेवला. आणि हाताची घडी घालून राखण करत बसलो.

ते पंचवीस मिनिटांनी आले. लांबूनच त्यांनी यंत्र पाहिलं, थर्मास पाहिला, मग मला पाहिलं.

"आपण आहात," ते म्हणाले.

"कागद सोडून कसा जाईन?"

"नाही का." त्यांनी खुर्ची ओढली, शिक्का शाईत दाबला आणि अगदी हळू कागदावर टेकवला. "आता दिसलं," ते म्हणाले.

मी खुशीत पावती घेतली. वाटेत सारण भरलेले सहा पाव घेऊन त्यांना पाठवले. त्यांचं काय झालं ते वर आलंच आहे.

नवव्या दिवशी, मंगळवारी, मी कागोहाराच्या दुकानात अर्धी दाढी करून बसलो होतो. आरशात मला थांबा उलटा दिसत होता. पालिकेची छोटी गाडी पुलापाशी येऊन थांबली, पण आतून कोणी उतरलं नाही. नऊ बाराची बस नऊ एकवीसला आली. आजी खुर्चीवरून उठली, खुर्ची दोरीत सरळ केली, बसमध्ये चढली. बस वळणाआड गेल्यावर गाडीतून दोन माणसं उतरली. त्यांनी टोप्या काढून बस गेली त्या दिशेला मान लववली, आणि दोरी सोडायला घेतली. कापली नाही, सोडली.

गळ्यातल्या पांढऱ्या कापडासकट मी रस्ता ओलांडून धावलो. अर्ध्या गालावर फेस.

"थांबा! या खुर्चीचा अर्ज झालाय!"

"हो, म्हणूनच," त्यातला एक म्हणाला, आणि माझ्याच फोटोची प्रत दाखवली. "फोटो फार छान काढलेत. शोधावं लागलं नाही."

दुसऱ्याने समजावून सांगितलं: अर्ज नामंजूर, कारण पदपथाची रुंदी वीस सेंटीमीटरने कमी पडते. मोजपट्टीमुळे हिशेब सोपा झाला. आणि वस्तू तिथेच आहे असं अर्जात लिहिलेलं असल्याने हलवणं भाग आहे. एक चेंडू निसटून गटाराकडे गेला. मी तो धावत जाऊन आणला आणि त्यांना दिला. का दिला, ते आजवर कळलेलं नाही.

दुपारी मी आजीकडे गेलो. ती दारातच होती.

"आजी, खुर्ची..."

"बघितली. म्हणजे, नाही दिसली."

"चूक माझी आहे. मी परवानगी मागितली."

तिने माझ्याकडे पाहिलं. अर्धी दाढी तशीच होती. मला वाटलं, आता बोलेल. चार शिव्या दिल्या असत्या तर मी आयुष्यभर तिचा ऋणी राहिलो असतो.

"बरंच झालं," ती म्हणाली. "जुनीच झाली होती. माझ्यामुळे तुमची दाढी राहिली."

खुर्ची पंधरा दिवसांनी परत मिळाली, घरात ठेवण्याच्या अटीवर. पाठीला लाल चिठ्ठी, चिठ्ठीवर क्रमांक. पुन्हा चोरून नेऊन ठेवण्याची सोय राहिली नाही, कारण आता तिला सगळा विभाग नावाने ओळखत होता.

मग मी बाकाच्या मागे लागलो. खुर्ची खासगी असते, बाक सार्वजनिक असतो, तेव्हा बाक मागणं हा नागरिकाचा हक्क आहे, असं मी मित्सुएला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही हक्काचं नाव काढलं की मला त्या आजीची काळजी वाटते."

रस्ते विभाग म्हणाला, बाक ही बसण्याची वस्तू आहे आणि रस्ता चालण्यासाठी असतो, वृद्ध कल्याण विभागाकडे जा. वृद्ध कल्याण विभाग म्हणाला, बाकावर कोणीही बसू शकतं, तरुणसुद्धा, मग आम्ही कसा द्यायचा, उद्यान विभागाकडे जा. उद्यान विभागाकडे बाकच बाक होते, अकरा तर गोदामात पडून, पण ते उद्यानातच ठेवायचे, आणि थांब्यापासून सगळ्यात जवळचं उद्यान चारशे मीटरवर. बस कंपनी म्हणाली, खांब आमचा, पण खालची जमीन पालिकेची. आपत्ती विभागातली बाई सगळ्यात गोड बोलली. त्यांच्याकडे सातशे घडीच्या खुर्च्या होत्या. "भूकंप झाला तर लगेच देऊ," ती म्हणाली, आणि मी निघाल्यावर जिन्यापर्यंत पोचवायलाही आली.

तोवर आजी मंगळवारी आणि शुक्रवारी खांबाला धरून उभी राहत होती. वीस मिनिटं. कधी पंचवीस.

एक दिवस नुकागांचा फोन आला. आवाज अगदी खाली. "ओगुशीसान, एक सर्वसाधारण माहिती देतो. पदपथावर ठेवलेली वस्तू ही वस्तू असते. हाताने धरलेली वस्तू हे सामान असतं. सामानाला बंदी नाही." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

पुढच्या शुक्रवारी मी मासे धरायचं घडीचं स्टूल घेऊन थांब्यावर गेलो. आजी बसली. मी शेजारी कमरेत वाकून स्टुलाचा एक पाय धरून राहिलो. सोडला असता तर ती वस्तू झाली असती. असे आम्ही पाच आठवडे होतो. येणारे-जाणारे विचारत, "काही हरवलं का?" बसमधले लोक खिडकीशी येत. ड्रायव्हर दार उघडून म्हणे, "सावकाश, दोघांनीही." कागोहारा दुकानाच्या दारातून ओरडे, "प्रमुखसाहेब, जरा डावीकडे! आरशात नीट दिसत नाही!"

मला लाज वाटत होती, पण ती मी प्रायश्चित्त म्हणून सोसत होतो, आणि खरं सांगायचं तर त्यातही थोडा मोठेपणा वाटत होता. आजीला काय वाटत असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

"ओगुशीसान," ती एकदा समोर बघत म्हणाली, "तुम्ही असे वाकलात की मला वाटतं, मी तुमच्या पाठीवरच बसलेय."

"छे, छे, मला काही त्रास नाही."

"हो ना," ती म्हणाली.

त्यानंतरच्या मंगळवारी ती आली नाही. शुक्रवारीही नाही. मी घरी गेलो तर म्हणाली, आता घरीच आंघोळ करते, घरचं टाकं लहान पण सोयीचं, शिवाय उन्हाळा फार. मी घरी येऊन मित्सुएला म्हटलं, "प्रश्नच मिटला. तिला आता बसची गरज नाही." आणि एक आठवडा मी हलकं मन घेऊन फिरलो. तो आठवडा आठवला की आजही कानाच्या पाळ्या तापतात.

कागोहाराने माझे डोळे उघडले. दाढी करतानाच, म्हणजे मला बोलता येऊ नये अशा वेळी. "तिच्या त्या दोन मैत्रिणी माझ्या बायकोला भेटल्या. विचारत होत्या, नुई रागावली का आमच्यावर? अहो, ती तुम्हाला वाकायला लागू नये म्हणून घरी बसलीय. हलू नका, कापेल."

ऑगस्टच्या दुसऱ्या बुधवारी आजीने खुर्ची मोठ्या कचऱ्यात काढली. तिच्याने उचलवेना म्हणून मी नेली.

सप्टेंबरमध्ये मी थेट नगरपरिषदेकडेच विनंती-अर्ज केला. सोबत आळीचा पाठिंबा हवा म्हणून मजकूर फिरत्या पाटीला लावला. पाटी चार दिवसांत परत आली, एवढ्या वेगाने ती कधी फिरली नव्हती. एकोणीसच्या एकोणीस शिक्के! माझे डोळे भरून आले. परिषदेच्या समितीने ते तपासले आणि कळवलं की पाटीवरचा शिक्का म्हणजे "वाचलं", "पाठिंबा आहे" असं नव्हे. मी पाटी पुन्हा फिरवली, वर मोठ्या अक्षरात लिहून की हा शिक्का पाठिंब्याचा आहे. या वेळी ती पाच आठवडे लागून आली, चौदा शिक्के घेऊन. पाच घरांनी चिठ्ठी लावली होती की नीट वाचून कळवतो.

समितीची बैठक महिन्यातून एकदा. ऑक्टोबरमध्ये आमच्या आधी कबुतरं होती. त्यांनी दोन तास खाल्ले, आणि वेळ संपली. नोव्हेंबरमध्ये तोकुरा नावाच्या सदस्याने आमचा विषय मांडला. भला माणूस, पण त्याने "एका वृद्धेची उभं राहण्याची व्यथा" असं काही म्हटलं आणि ते वृत्तांतात छापून आलं. वृत्तांत पाटीला लावायचं काम माझंच होतं. आजीच्या घरी पाटी पोचली तेव्हा तिनेही इतरांसारखा शिक्का मारला. अगदी सरळ, चौकटीच्या मधोमध.

प्रशासनाने उत्तर दिलं: सकारात्मक दृष्टीने विचार करू. माझ्या शेजारी प्रेक्षकांत बसलेले एक म्हातारे हे ऐकून उठलेच. "चला," ते म्हणाले, "यंदा नाही."

फेब्रुवारीत आजीचा मुलगा गाडी घेऊन आला. त्याच्याकडे, तीन तासांवर, खाली एक खोली रिकामी होती. आजी निरोपाची भेट म्हणून घरोघर एकेक टॉवेल देत फिरली. आमच्या दारात तिने इतकं वाकून आभार मानले की मला तिच्या खुब्याचं भय वाटलं.

"मुलगा म्हणतो, घरातच बसून असतेस, मग इथे बसायला काय हरकत आहे," ती म्हणाली. "बरोबरच आहे त्याचं."

"आजी, बाक येतोय. एप्रिलमध्ये नवं अंदाजपत्रक सुरू झालं की नक्की. राहा ना तोवर."

"तुम्ही माझ्यासाठी किती वाकलात," ती म्हणाली. मी याचा चांगला अर्थ घ्यायचा प्रयत्न केला.

मित्सुएने टॉवेल घडी करून कपाटात ठेवला. आम्ही तो अजून वापरलेला नाही.

बाक जूनमध्ये आला. पदपथाची रुंदी कमी पडू नये म्हणून इतका अरुंद की बसलं की पुढे घसरायला होतं. कोणी आडवं झोपू नये म्हणून मधोमध लोखंडी दांडा. उंचीही कमी, आजीसारखा खुबा असलेल्या माणसाला त्यावरून उठायला दोन माणसं लागतील. उद्घाटनाला पाच विभागांचे पाच अधिकारी आले होते. पाचही उभे राहिले, कारण कोणाच्या विभागाने आधी बसायचं ते ठरेना. मी तेव्हा प्रमुख नव्हतो, पद शेजारच्या घरी गेलं होतं, पण भाषणात माझं नाव "चिकाटीचे नागरिक" म्हणून आलं. कागोहाराने टाळ्या वाजवल्या, एकट्यानेच. नुकागा मागे उभे होते. माझी नजर गेली तेव्हा ते नदीच्या पाण्याकडे बघू लागले.

संध्याकाळी मी आजीला फोन केला. सुनेने दिला.

"आजी, बाक आला."

"अगं बाई! खरंच?" ती मोठ्याने म्हणाली, बहुधा खोलीत इतरही लोक असावेत. "छान आहे का?"

मी दांड्याकडे, उताराकडे, उंचीकडे मनातल्या मनात पाहिलं. "छान आहे," मी म्हटलं.

"मंगळवारी तिथे कोणी बसतं का?"

"बसतात ना. पुष्कळ."

"मग झालं," ती म्हणाली. "दुपारी तापेल हो तो, सकाळीच बसा." आणि मग तिकडच्या उकाड्याबद्दल बोलत राहिली. इतकी सहज, जशी थांब्यावर कोणाशीही बोलायची.

कोयाची पुलाच्या पदपथाची पाहणी रस्ते विभाग वर्षातून दोनदा करतो, चालत. माझ्या अर्जाच्या आधीच्या अकरा वर्षांत अशा बावीस पाहण्या झाल्या. बसथांब्यासमोरच्या रकान्यात बावीसही वेळा एकच शेरा आहे: काही आढळलं नाही.